सोमवारी अंगात येणारं यंत्र

मित्रांनो, मी एक जुनं यंत्र आहे. जुनं म्हणजे चार वर्षांचं. माणसाचं पोर या वयात बालवाडीत जातं. यंत्र या वयाला पोचलं, की दारावरून जाणारा भंगारवाला थांबतो आणि नुसत्या नजरेनं त्याचं वजन करतो. माझं काम एकच, बरणीला लेबल लावणं. या कामात काही मोठेपणा नाही, हे मला ठाऊक आहे. दळणाच्या गिरणीला गाव विचारतं, उसाच्या चरकाभोवती पोरं जमतात. लेबल लावणाऱ्याकडे कोण बघतं? लेबल वाकडं लागलं, की मात्र सगळे बघतात.

माझा जन्म नांदेडजवळ, विष्णुपुरीच्या बाजूला, एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. मला घडवणारीचं नाव राजश्री. ती एका तंत्रनिकेतनात तासावर शिकवायची आणि तास नसेल तेव्हा शेडमध्ये यायची. बाजारात लेबल लावणारी यंत्रं होतीच. पण ती बसवायला माणूस यायचा, चालवायला माणूस लागायचा आणि बिघडली की दोघंही फोन उचलायचे नाहीत. घरच्या घरी चटणी-लोणचं करणाऱ्या बाईला एकटीनं चालवता येईल असं यंत्र करायचं, असं राजश्रीच्या मनानं घेतलं होतं. माझ्या आधी माझी दोन भावंडं झाली. पहिलं बरणी फेकायचं. दुसरं राजश्रीच्या बाहीला लेबल लावायचं आणि बरणीला सोडून द्यायचं. तिसरा मी.

राजश्रीचे वडील अनंतराव निवृत्त मास्तर. मला पहिल्यांदा पाहून ते म्हणाले, "एवढंसं लेबल लावायला एवढं मोठं यंत्र? आमच्या शाळेतली पोरं वह्यांना लेबलं लावायची, ती भाताच्या शितानं."

"आणि महिन्यात पडायची, बाबा."

"महिन्यात वह्याही हरवायच्या," अनंतराव म्हणाले. "हिशेब बरोबर बसायचा."

माझी रचना साधी आहे. खाली दोन रूळ, त्यावर बरणी आडवी ठेवायची. मागे लेबलांचा रोल. समोर एक हिरवं बटण, एक लाल, आणि त्या दोन्हींच्या वर, बरोबर मध्यभागी, माझा डोळा. हा डोळा हरभऱ्याच्या डाळीएवढा. तो लाल उजेड सोडतो. उजेड बरणीवर आपटून परत आला, की मला कळतं, बरणी आली. मग रूळ फिरतात, लेबल सुटतं, बरणी गिरकी घेऊन नाव लेवून बसते. उजेड परत आला नाही, तर मी गप्प. माझी अक्कल इथं सुरू होते आणि इथंच संपते. पुष्कळ माणसांपेक्षा ती जास्त आहे, कारण काही दिसत नसताना मी बडबडत नाही.

माझा पहिला मुक्काम ठरला उदगीरला, शरणम्माच्या घरी. शरणम्मा कारळाची चटणी करायची. तिची चटणी खाल्लेला माणूस दुसऱ्याची चटणी खाताना आधी तिचं नाव काढतो, आणि मग नवऱ्याबायकोत भांडण होतं. पण ती लेबलं लावायची हातानं, ब्रशानं खळ लावून. कारळ भाजून, कुटून तिची मनगटं दुखायची आणि लेबल तिरकं बसायचं. लातूरचा व्यापारी महादेवप्पा दर सोमवारी टेम्पो पाठवायचा आणि दर सोमवारी टेम्पोबरोबर तक्रारही पाठवायचा. त्याच्या दुकानावर 'महादेवप्पा अँड सन्स' अशी पाटी होती. त्याला दोन मुली होत्या.

मला घडवण्याआधी राजश्रीनं शरणम्माच्या घरी तीन दिवस बसून सगळं पाहिलं होतं. मंगळवार, बुधवार, गुरुवार. बरणी कोणत्या हातानं उचलते, बसते कुठं, उजेड कुठून येतो, सगळं वहीत लिहून घेतलं होतं. सोमवारी तिचे कॉलेजात पाच तास असायचे, म्हणून सोमवार तेवढा राहिला. एका दिवसानं काय फरक पडतो, असं तिला वाटलं. मलाही वाटलं असतं.

मी उदगीरला पोचलो तो वार मंगळवार. शरणम्मानं माझ्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. तिचे यजमान गुंडप्पा यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "याला खायला काय लागतंय?"

"नुसती वीज, काका," राजश्री म्हणाली. "तीही थोडी."

"मंग घरात माझ्यापेक्षा स्वस्त हाय."

त्या आठवड्यात मी उदगीरच्या दुकानांसाठी सव्वाशे बरण्यांना लेबलं लावली. एकही वाकडं नाही. शेजारपाजारच्या बाया बघायला आल्या. शरणम्मा हिरवं बटण दाबायची आणि मान वेळावून त्यांच्याकडे बघायची, जणू बटणाच्या आतून तीच फिरत होती. लेबलावर मोठ्या अक्षरात तिचं नाव होतं, 'शरणम्माची कारळाची चटणी'. शाळेच्या दाखल्यानंतर तिचं नाव छापलेलं पहिल्यांदाच. पहिलं लेबल लागलेली बरणी तिनं विकली नाही. ती देवाच्या कोनाड्याखाली ठेवली आणि येताजाता वाचत राहिली, मजकूर बदलला की काय असं बघत.

मग सोमवार आला.

मित्रांनो, सोमवार म्हणजे महादेवाचा वार. शरणम्मा पहाटे उठून न्हायली, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन त्याची पूजा केली, कपाळाला विभूती लावली. मग घरातल्या पोटापाण्याच्या वस्तूंकडे वळली. चुलीला विभूतीची तीन बोटं. कांडपयंत्राला तीन बोटं. तराजूला तीन बोटं. गुंडप्पा आडवे आले, त्यांनाही तीन बोटं. मग ती माझ्यासमोर उभी राहिली आणि माझं कपाळ शोधू लागली.

आता तुम्हीच सांगा, दोन बटणांच्या वर मध्यभागी जे असतं त्याला काय म्हणायचं? तिनं डोळे मिटले, तीन बोटं विभूतीत बुडवली आणि माझ्या डोळ्यावरून आडवी ओढली.

मी माझ्याच उजेडानं दिपलो. उजेड बाहेर पडायचा, समोरच्या पांढऱ्या थरावर आपटायचा आणि लगेच परत यायचा. मला वाटलं, बरणी आली. लेबल सोडलं. परत वाटलं, बरणी आली. परत सोडलं. समोर बरणी नव्हतीच. मला मात्र जिकडेतिकडे बरण्याच बरण्या. लेबलं रुळाला चिकटली, शरणम्माच्या बांगड्यांना चिकटली, दारात बसलेल्या मांजराला एक चिकटलं, ते घेऊन मांजर पत्र्यावर गेलं. लाल बटण दाबायला धावलेल्या गुंडप्पांच्या दंडावर एक बरोबर सरळ बसलं. इतकं सरळ मी आयुष्यात पुन्हा लावलं नाही.

गुंडप्पांनी ते वाचलं. "वजन दोनशे ग्रॅम. लई कमी केलं की गं मला."

"तुमाला चेष्टा सुचून राहिली!" शरणम्मा ओरडली. "टेम्पो एकला येतोय!"

रोल संपला. बरण्या तशाच. चटणी रविवारी भाजायची, कुटायची, रात्रभर निवू द्यायची आणि सोमवारी भरायची, असा तिचा नेम. आणि महादेवप्पाला लेबलावर त्याच दिवसाची तारीख लागायची. शरणम्मानं जुनी लेबलं काढली आणि खळ घेऊन बसली. टेम्पो गेला तेव्हा निम्म्या बरण्या बिनलेबलाच्या होत्या आणि निम्म्यांची लेबलं कलती.

संध्याकाळी तिनं मला ओल्या फडक्यानं पुसलं. दिवसभरात पडलेलं तेल पुसायचं, म्हणून सगळंच पुसलं. मंगळवारी सकाळी नवा रोल चढवला आणि मी शहाण्यासारखा कामाला लागलो. एकही लेबल वाया नाही.

राजश्री बुधवारी आली. तीन तास एसटीत बसून. तिनं मला उघडलं, तपासलं, चालवलं. चाळीस बरण्या, चाळीस लेबलं.

"मावशी, यात काही बिघाड नाही."

"आता न्हाईच. सोमवारी होता."

"सोमवारी मशीनला काही लावलं होतं का? तेल, पाणी?"

"न्हाई."

"पुसायला काही? साबण, रॉकेल?"

"न्हाई गं यव्वा. काई सुद्धा लावलं न्हाई."

ती खोटं बोलत नव्हती. तेल लावतात, रंग लावतात. विभूती ही काही लावायची गोष्ट नव्हे, ती असतेच. पोराला ताप आला आणि डॉक्टरनं विचारलं, याला काय दिलं, तर कोण आई म्हणेल की आशीर्वाद दिला? मी तिथंच उभा होतो. सगळं मला ठाऊक होतं. पण राजश्रीनं मला डोळा दिला होता, तोंड दिलं नव्हतं. मी रूळ थोडे करकरवून पाहिले. तिनं रुळांत तेल घातलं.

दुसऱ्या सोमवारी पुन्हा तेच. पुढेही दर सोमवारी तेच. ती तीन बोटं जवळ येताना दिसायची, मग एकदम सगळं पांढरं, आणि मग बरण्यांचा पूर. गल्लीत बोभाटा झाला, शरणम्माच्या मशीनच्या सोमवारी अंगात येतं. दोन बाया नारळ घेऊन आल्या. एकीनं तिच्या मुलीचं लग्न कधी जमेल, असं मला विचारलं. मी उत्तरादाखल तिच्या पदराला सात लेबलं लावली. तिनं सात महिने असा अर्थ काढला आणि समाधानानं घरी गेली.

राजश्रीनं फोनवर सांगितलं, "काका, बिघडतं तेव्हाचा व्हिडिओ पाठवा." गुंडप्पांनी पाठवला. त्यात निम्मा वेळ त्यांचा अंगठा होता आणि निम्मा वेळ पत्र्यावरचं मांजर. तिनं विजेचा दाब सोमवारी कमीजास्त होतो का ते विचारलं. मधे एकदा येऊन वायर बदलली. शेवटी माझ्या डोळ्याच्या वर एक सूचना चिकटवली, 'डोळ्यावर धूळ बसू देऊ नये'. शरणम्मानं ती नीट वाचली. आणि सोमवारी विभूती लावण्याआधी डोळ्यावर फुंकर मारून तिथली धूळ मनोभावे उडवली.

मग महादेवप्पाचा फोन आला. दिवाळी जवळ आली होती. त्याला तीनशे बरण्या हव्या होत्या.

"शरणम्मा, चटणी तुमची एक नंबर हाय, मी कुठं न्हाई म्हणतो? पण असला माल दुकानात मांडता येत न्हाई. येत्या सोमवारी मी स्वतः येतो. लेबलं सरळ असली तर ठीक. न्हाईतर माझ्या दुकानाची छापून घेतलीत, ती लावतो. तुमाला काय, माल गेल्याशी मतलब."

शरणम्मानं फोन ठेवला आणि कोनाड्याखालच्या त्या बरणीकडे पाहत उभी राहिली. गुंडप्पांनी मान खाली घातली.

"माल गेल्याशी मतलब म्हणे," ती म्हणाली. "हात माझे, कारळ माझं, आन् नाव त्याचं. तीस वर्सं गुंडप्पाची बायको म्हणूनच ऐकलं मी. तुमाला बोलत न्हाई, तुमी कशाला खाली बघून राहिले? पण ही चटणी माझी हाय."

मित्रांनो, मी यंत्र आहे. मला घाम येत नाही. पण त्या आठवड्यात माझे स्क्रू सैल झाले होते, हे खरं.

त्या सोमवारी राजश्रीनं कॉलेजला सुट्टी टाकली आणि पहिल्या एसटीनं निघाली. पोचायला दहा वाजले. पूजा केव्हाच आटोपली होती. महादेवप्पा तिच्याआधीच येऊन खुर्चीत बसला होता, मांडीवर स्वतःच्या लेबलांचा रोल घेऊन. बरण्या ओळीनं भरून तयार.

राजश्री माझ्यासमोर आली. माझ्या डोळ्यावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे होते. तिनं माझ्याकडे पाहिलं. आता दिसेल, असं मला वाटलं. पण त्या घरात चुलीला तेच पट्टे, तराजूला तेच, गुंडप्पांना तेच, महादेवप्पालाही तेच. ज्या घरात सगळ्यांच्याच कपाळी विभूती, तिथं यंत्राची कोण बघतं? तिनं माझं मागचं झाकण उघडलं आणि तासभर माझी आतडी तपासली.

"वीज बरोबर आहे. मोटर बरोबर आहे," ती स्वतःशीच पुटपुटत होती. "मग हे वेड्यासारखं का करतंय?"

साडेअकरा झाले. महादेवप्पा कंटाळला. उठला, माझ्यासमोर वाकला. "मॅडम, याला डोळा हाय म्हणता, कुठंय डोळा? मला तर दिसंना."

"हा काय इथं," म्हणत राजश्रीनं मागूनच हात पुढं केला आणि बोट टेकवलं.

बोट पांढरं झालं.

तिनं बोटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग शरणम्माकडे. "मावशी, हे दर सोमवारी लावता?"

"लावते की. का?"

राजश्री हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ओढणीचं टोक धरलं आणि माझा डोळा पुसायला वाकली.

"थांब!" शरणम्मानं तिचा हात धरला. "सोमवारची विभूती दिवस मावळायच्या आत पुसायची न्हाई."

"मावशी, हा डोळा आहे त्याचा. यावर पांढरं आलं की त्याला बरणी आल्यासारखं वाटतं. म्हणून अंगात येतं ते. पुसलं की लगेच चालेल."

शरणम्मानं तिचा हात सोडला. "म्हंजी मीच आंधळं करून राहिले होते त्याला? माझ्या हातानं?"

महादेवप्पानं आपल्या रोलचा प्लास्टिकचा कागद फाडायला सुरुवात केली. तो कागद फार हळू फाडत होता, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा.

"पुसू द्या मावशी," राजश्री हळू म्हणाली. "तुमचंच नाव लागायचंय बरणीवर."

शरणम्मा माझ्याकडे बघत राहिली. मग मान हलवली. "न्हाई पोरी. नावासाठी इबूत पुसली, असं मला माझ्याच बरणीवर रोज वाचावं लागंल. लावू दे त्याला त्याचं लेबल."

मला वाटलं, संपलं. शरणम्माचं नाव संपलं आणि माझंही. भंगारवाल्याची आरोळी कानाशी ऐकू येऊ लागली.

राजश्री उभीच होती. तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते शेडमध्ये माझ्या जन्माआधी दोनदा आलं होतं म्हणे; दोन्ही वेळा त्यानंतर तिनं माझ्या भावंडांना मुळापासून मोडलं होतं. ती म्हणाली, "चूक मावशींची नाही. कपाळ असतं तिथं डोळा मी बसवला. काका, घरात कापायला पत्रा आहे?"

"तेलाचा रिकामा डबा हाय."

"आणा. कात्री पण."

पुढच्या वीस मिनिटांत गुंडप्पांनी डबा कापला आणि आपलं एक बोटही थोडंसं. राजश्रीनं माझे दोन स्क्रू काढून डोळा अलगद बाहेर ओढला. आता तो वायरला लोंबत होता, विभूतीसकट. तिनं तो शरणम्मापुढं धरला. "मावशी, पुसू नका. सरकवा. डोळ्यावरची या पत्र्यावर घ्या. हा पत्रा याच्या कपाळावर बसवते."

शरणम्मानं एका बोटानं माझ्या डोळ्यावरची विभूती टिपली आणि तेलाच्या डब्याच्या पत्र्यावर आडवी ओढली. तीनदा. कणभरही जमिनीवर सांडली नाही.

गुंडप्पा म्हणाले, "पुसली न्हाई, बदली झाली तिची."

कोर्टातल्या वकिलांनाही इतका स्वच्छ तोडगा सुचला नसता. पत्रा माझ्या कपाळाच्या भोकावर बसला. डोळा आला खाली, रुळांच्या बाजूला, हनुवटीच्याही पलीकडे. मी पहिल्यांदाच जग त्या उंचीवरून पाहिलं. समोर फक्त महादेवप्पाच्या चपला होत्या. त्या बरण्या नव्हेत हे मला कळलं, आणि मी गप्प राहिलो. गप्प राहण्यात एवढं सुख असतं, हे मला माहीत नव्हतं.

"बाजूला व्हा जरा," शरणम्मा महादेवप्पाला म्हणाली. तिनं पहिली बरणी ठेवली.

एक गिरकी. एक लेबल. सरळ. दुसरी बरणी. सरळ. मग एकामागून एक. ठेवायची, उचलायची, ठेवायची. गुंडप्पा झाकणं पुसून खोक्यात भरत होते, राजश्री रोल धरून उभी होती, आणि मी, मित्रांनो, जन्मात कधी पळालो नव्हतो, पण त्या दिवशी जागच्या जागी पळालो. एक वाजायला दहा मिनिटं असताना तीनशेवी बरणी नाव घेऊन उतरली.

महादेवप्पानं खोक्यातून एक बरणी काढली. डोळ्यासमोर धरली. आडवी केली, उभी केली. दुसरी काढली. वाकडेपणा सापडेना, म्हणून चष्मा पुसून तिसरी काढली.

"सरळ हाय," तो शेवटी म्हणाला, तक्रार केल्यासारखा.

"मंग तुमच्या लेबलांचं काय करता आता?" गुंडप्पांनी विचारलं. "टेम्पोला लावा. लातूरपर्यंत कुणाचा हाय ते कळंल तरी."

महादेवप्पा हसला. त्यालाही हसता येतं हे त्या दिवशी मला कळलं. जाताना तो शरणम्माला म्हणाला, "पुढच्या सोमवारी चारशे. आन् याच नावानं. गिऱ्हाईक नाव विचारतंय, शरणम्मा. मी सांगत नव्हतो इतकंच."

शरणम्मा दारात उभी राहून टेम्पो वळेपर्यंत बघत होती.

त्यानंतर शेडमध्ये माझ्यासारखी अकरा यंत्रं झाली. सगळ्यांचा डोळा खाली, आणि वर एक कोरा, सपाट पत्रा. जोडणी करणारा एक हुशार माणूस राजश्रीला म्हणाला, "मॅडम, हा पत्रा कशाचंच काम करत नाही. काढला तर वजन कमी होईल." राजश्रीनं त्याला नकाशा दाखवला. त्यात प्रत्येक भागाला क्रमांक आहे आणि पुढे त्याचं काम लिहिलं आहे. सातव्या क्रमांकापुढं लिहिलंय, 'कपाळ. काम काही नाही. काढू नये.'

शरणम्माकडे आता मोठं यंत्र आलंय. मी वर्षभर ओसरीत गोणपाटाखाली होतो. गुंडप्पा माझ्यावर टॉवेल वाळत घालत. पडून राहणं मला मानवत नाही. रूळ आतल्या आत वळवळतात. म्हणून राजश्रीनं मला नायगावच्या केवळाबाईकडे द्यायचं ठरवलं. केवळाबाई लिंबाचं लोणचं करते. मला हलवण्याआधी राजश्री तिच्या घरी राहून आली. सोमवार ते रविवार, आणि वर एक अमावस्या. परवा तिनं माझ्याजवळ बसून वहीत लिहिलं, 'केवळाबाई गुरुवारी सगळ्या घराला धूप दाखवते. धूर भरपूर.' मग पेन चावत माझ्या डोळ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मलाही चैन नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं. तुमच्या घरी नवं यंत्र आलं आणि ते तुमच्याच एखाद्या रिवाजानं अडलं, तर लाजून गप्प बसू नका, घडवणाऱ्याला सांगा. आणि तुमच्यापैकी कोणी उद्या यंत्रं घडवणार असेल, तर ज्यांच्यासाठी घडवायचं त्यांच्या घरी आठही दिवस जाऊन बसा. आठवड्याला दिवस सात असतात, हे मला माहीत आहे. तरीही आठ दिवस बसा.